तापल्यावर चढणारं प्रेशर

भिंगकाका खोटं बोलायला बसले, तेव्हा आपण पकडले जाणार नाही याची त्यांना पक्की खात्री होती. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस! दुसऱ्याची चूक त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून तिथल्या लोकांनी त्यांना भिंग म्हणायला सुरुवात केली आणि निवृत्तीनंतर गल्लीने त्याला काका जोडलं. असा माणूस स्वतःच्या खोट्यात चूक ठेवील का?

खोटं होतं गाडीच्या ऑइल प्रेशरचं. गाडी बायकोची. ती चालवायची आणि हे शेजारी बसून दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका मोजायचे. ती गेल्यावर गाडी तीन वर्षं अंगणात उभी राहिली आणि इंजिन जाम झालं. शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने ते पूर्ण खोलून नव्यासारखं बांधून दिलं. पहिल्याच फेरीत ऑइलचा लाल दिवा पेटला.

तो रविवार होता. रविवारी संध्याकाळी लेकीचा फोन यायचा. लेक दूर एका इंजिनाच्या कारखान्यात तपासनीस. फोन तीन मिनिटांचा. जेवलात का, औषधं घेता का, बरं, ठेवते. त्यानंतर घरात बोलायला फक्त फ्रिज उरायचा. त्या दिवशी भिंगकाका सहज म्हणाले, "गाडीत ऑइलचा दिवा लागतोय," आणि लेक सत्तेचाळीस मिनिटं बोलली! पंप बघा, गाळणी बघा, नव्या रिंगा बसेपर्यंत साधंच ऑइल घाला, महागड्या सिंथेटिकच्या नादी लागू नका. त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण फोन ठेवला तेव्हा कान गरम झाला होता आणि घर तेवढं रिकामं वाटत नव्हतं.

सोमवारी मिस्त्रीने गाडी गॅरेजात नेऊन मीटर लावला. "प्रेशर ठणठणीत आहे, काका. दिवा पेटवणारा स्विचच खराब होता. बदलला." भिंगकाकांचा चेहरा पडला. एवढा चांगला बिघाड, आणि एका दिवसात गेला.

पुढच्या रविवारी दुसऱ्याच मिनिटाला लेकीने विचारलं, "दिव्याचं काय झालं?"

"लागतोच आहे गं. मीटर लावला. गार असताना एक, इंजिन तापलं की तीन." आकडे त्यांनी विचारपूर्वक निवडले होते. दूध तापलं की वर चढतं, मग प्रेशर का चढू नये?

लेकीने दोन्ही आकडे पुन्हा एकदा विचारून घेतले. "असं होय? मग थोडं जाड ऑइल घालून बघा."

खोटं बोलायचं तर पुराव्यासकट, हा भिंगकाकांचा बाणा. त्यांनी जाड ऑइलचा डबा आणला आणि न उघडता पलंगाखाली सरकवला. पुढच्या रविवारी लेकीने त्याहून जाड सांगितलं, त्याच्या पुढच्या रविवारी दुसऱ्या कंपनीचं. पलंगाखाली पाय घालायला जागा उरली नाही.

शेवटी ऑइलवाल्याने मिस्त्रीला गाठलं. "तुमच्या इंजिनात काही राम नाही वाटतं. काका दर आठवड्याला जाड ऑइल नेतात." मिस्त्रीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पाचव्या रविवारी संध्याकाळी तो मीटर घेऊन अंगणात हजर. गार इंजिनाला मीटर चारवर गेला. इंजिन तापेपर्यंत मिस्त्रीने गाडी घरघरत ठेवली, आणि तेवढ्यात लेकीचा फोन आला. भिंगकाकांनी तो उचलला.

"दोन!" मिस्त्री फोनवरही ऐकू जाईल असा ओरडला. "गार असताना चार, तापल्यावर दोन. याहून चांगलं प्रेशर दाखवा मला!"

भिंगकाकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"बाबा," लेक म्हणाली, "ऑइल तापलं की पातळ होतं. प्रेशर उतरतं. तापल्यावर चढणारं प्रेशर जगात फक्त तुमच्याच गाडीला होतं."

"म्हणजे तुला कळलं होतं? मग एवढे डबे का आणायला लावलेस?"

"तुम्ही बोलत होतात म्हणून. आई गेल्यापासून फोनवर नुसतं हं आणि बरं. पुढे काय विचारावं तेच मला कळायचं नाही. फोन ठेवून मी खोलीत भिंत बघत बसायचे, बाबा. रविवार इथेही फार मोठा असतो."

तीन मिनिटांचा दोष भिंगकाका इतकी वर्षं लेकीच्या खात्यावर लावत होते. "हं," ते म्हणाले.

"बघा, झालं सुरू."

मिस्त्री बॉनेटला टेकून ऐकत होता. त्याचा राग कधीच उतरला होता. त्याने हात पुसले आणि तो मोठ्याने म्हणाला, "ताई, क्लचही घसरतोय बरं का जरा."

"खरंच घसरतोय?" भिंगकाकांनी फोनवर हात ठेवून विचारलं.

"छे. पण महिनाभर पुरेल."

भिंगकाकांनी खुर्ची ओढली आणि फोन कानाशी नीट धरला. "ऐकलंस का? आता क्लच. तो तापला की..." ते थांबले. "तापला की काय होतं, ते आधी तूच सांग."