अंबूबाईंचं पोट आणि झऱ्याची वाट

मुलांनो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. मी स्वतः तिथे होतो. म्हणजे नव्हतो, पण जवळपास होतो. असो.

एका जंगलात हत्तींचा कळप होता. त्याच्या म्होरक्या अंबूबाई. उन्हाळ्यात ओढे आटले की डोंगरापलीकडच्या झऱ्याची वाट एकट्या त्यांनाच ठाऊक. दुसऱ्याला शिकवली, तर मान कोण देणार?

यंदा ओढे आटले आणि अंबूबाई वाटच विसरल्या. एकाच अंजनाच्या झाडाभोवती कळपाला फिरवत राहिल्या. सोंड थरथरू लागली. आपल्या सुनेला, चिमाला, विचारलं, "तू कुणाच्या घरची गं?"

पिल्लं तहानेनं लोळू लागली. चिमा साळिंदर वैद्याला घेऊन आली.

"पोट साफ होतं का?" वैद्यानं विचारलं.

कळप खवळला. "अहो, दुखणं डोक्यात आहे! आमच्या घराण्यात पोटाचं काही नाही!"

"घराण्याचं राहू द्या. खातात काय?"

"जत्रेत उरलेली बालुशाही," चिमा म्हणाली. "पाल्याला तोंड लावतील तर शपथ."

"मग बरोबर. पोटातले भले जंतू उपाशी मेले, गुंड तेवढे उरले. ते खालून मेंदूला छळतात. भले जंतू पुन्हा पोटात घाला."

"आणायचे कुठून?"

"तुमची पिल्लं कुठून आणतात? मोठ्यांची लीद खाऊनच ना? आता उलट करा. ज्याचं पोट ठणठणीत, त्याची लीद यांना द्या."

ठणठणीत पोट अख्ख्या कळपात चिमाचंच. सासूनं सुनेची लीद खायची! "त्यापेक्षा तहानेनं मरू," कळप म्हणाला. पिल्लांना कुणी विचारलं नाही.

चिमानं गुपचूप सागाच्या पानात पुडी बांधली. "आत्याबाई, हिमालयातलं चूर्ण आहे. फार महाग."

"महाग ना? मग आण." अंबूबाईंनी मिटक्या मारत खाल्लं. "कुणाची गं तू, पोरी? आमच्या सुनेच्या हाताला अशी चव नाही."

पुड्यांवर पुड्या संपल्या. एका सकाळी अंबूबाई ताठ उभ्या राहिल्या आणि थेट डोंगराकडे निघाल्या. पिल्लांनी झऱ्यात उड्या टाकल्या.

अंबूबाई पोटभर प्यायल्या. मग चिमाकडे वळल्या. आता त्यांना सगळं आठवत होतं.

"तुझ्या बापानं लग्नात किडका ऊस वाढला होता."

तात्पर्य: औषधात काय आहे ते रोग्याला सांगू नये, किंमत तेवढी सांगावी. आणि तो बरा झाल्यावर त्याच्यासमोर उभं राहू नये.

आता खरं सांगतो. हत्तीची पिल्लं लीद खातात, हे खरं. पोटातल्या जंतूंचा मेंदूच्या झिजेशी काही संबंध असावा, असं शहाण्या माणसांना वाटतं आणि ती त्याचा शोध घेतायत, हेही खरं. अंबूबाईंना वाट आठवली, एवढं मात्र मी ठोकून दिलं. पिल्लं तहानलेली होती हो, मी तरी काय करणार?