देवळाच्या पूर्वेची विहीर

आमच्या शाळेतल्या गोमतीमावशींना डावं-उजवं ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे, पण मान्य नाही. "सर, चा ठेवलाय, तुमच्या ईशान्येला," असं सांगून त्या निघून जातात आणि सहावी-सातवीला भूगोल-इतिहास शिकवणारा मी आधी सूर्य शोधतो, मग कप. नेरूळ स्टेशनात मी अजूनही पूर्वेऐवजी पश्चिमेला उतरतो, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

मावशी शाळेत शिपाई आहेत. त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीत सुटलं, पण गेली सतरा वर्षं वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून त्यांनी सहावी ते आठवीचा सगळा अभ्यासक्रम ऐकलाय. एखाद्या पोराने खंड आणि महासागर यांची गल्लत केली की दाराबाहेरून "च्च" ऐकू येतं. एकदा फळ्यावर नकाशा काढताना मी घाईत सूची द्यायला विसरलो. मावशी खडूचा डबा घेऊन थेट आत आल्या. "सर, सूची नाय तर नकाशा नाय. नुसती रांगोली!" वर्ग खदाखदा हसला. मीही हसलो, दुसरा इलाज नव्हता.

यंदा प्रदर्शनासाठी सहावीने सभागृहाच्या भिंतीएवढा परिसराचा नकाशा करायला घेतला. खाडी, नेरूळ, पनवेल, करंजाडे, विमानतळ, सगळं आलं. मावशी हातात फडकं घेऊन बराच वेळ बघत होत्या.

"आमचा गाव कुठं हाय?"

मावशींचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं. माणसं पांगली. कुणी उलव्याला, कुणी लेकाकडे डोंबिवलीला. मावशी करंजाड्याला चौथ्या मजल्यावर एकट्याच राहतात. नवरा गेला, लेक सासरी.

"मावशी, नकाशात आत्ता जे आहे तेच दाखवतात," मी मास्तरकी केली.

"असं? मंग इतिहासाच्या तासाला हडप्पा कशाला दावता? तिथं आता कोन पानी भरतंय?"

अशा वेळी शिक्षक जे करतो तेच मी केलं, त्यांना मुख्याध्यापिकाबाईंकडे पाठवलं. बाई म्हणाल्या, रंग देऊन झालाय, पुढच्या वर्षी बघू. मावशी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या. आवाज चढवणं नाही, डोळ्यांत पाणी नाही. केबिनचं दार पुसायचं आणि विचारायचं, "बाई, गावाचं काय?" दाराची चकाकी वाढत गेली. नवव्या दिवशी बाईंनी हात टेकले.

मावशींनी सहावीच्या पोरींकडून गाव काढून घेतलं. तुटक रेषेत. सूचीत लिहिलं, 'पूर्वीचं गाव'. गावदेवीचं देऊळ, शाळा, मिठागराचा बांध, सगळं जागच्या जागी. विहीर देवळाच्या पूर्वेला. तिथे मावशी क्षणभर घुटमळल्या, म्हणून मी विचारलं, "नक्की?"

"माज्या गावचा भूगोल मना शिकवू नका, सर."

प्रदर्शनाच्या दुपारी गावच्या वीसेक बाया आल्या. मावशींनी एकेकीला फोन करकरून बोलावलं होतं. एरवी हळदीकुंकवाला बोलावलं तरी "लांब पडतं गो" म्हणून कुणी फिरकत नाही, असं त्यांनीच मला मागे सांगितलं होतं. बाया आधी नकाशासमोर उभ्या राहिल्या. एकीने पदर डोळ्यांना लावला, दुसरीने हात जोडले आणि पर्स उचलली. तेवढ्यात तिसरी ओरडली, "अगो, विहीर इकडं कुठं? देवलाच्या मावलतीला व्हती!"

"नाय गो, शालेच्या बाजूला!"

"तुला काय ठावं? तू लगीन होऊन मागून आलीस!"

मग काय विचारता! पर्सा खाली ठेवल्या गेल्या, सतरंजी आली. विहिरीवर कुणाची कळशी कुणी फोडली, कोण कुणाशी वर्षभर बोलत नव्हतं, सगळं निघालं. चार वाजून गेले तरी कुणी उठेना. मुख्याध्यापिकाबाई दोनदा येऊन घड्याळ बघून गेल्या. मावशी किटली घेऊन सगळ्यांच्या मधोमध बसल्या होत्या आणि वाद मिटवायला चकार शब्द काढत नव्हत्या. दिशांच्या बाबतीत माझीही गय न करणारी ही बाई आज गप्प कशी, याचंच मला नवल वाटलं.

त्या चहा आणायला बाहेर आल्या तेव्हा मी गाठलंच. "मावशी, खरं सांगा, विहीर पश्चिमेलाच होती ना?"

"मावलतीलाच."

"मग पूर्वेला का काढलीत?"

त्यांनी दारातून आत पाहिलं. आत दोघी जणी एकमेकींच्या हातावर टाळ्या देत हसत होत्या.

"बरोबर काढली असती तर हात जोडून गेल्या असत्या, सर. चूक हाय, म्हनून बसल्यात."

सतरा वर्षं ही बाई माझ्या चुका काढत होती, आणि आज तिने स्वतः एक चूक मुद्दाम, सगळ्यांसमोर, भिंतीवर करून ठेवली होती. मी उगीच म्हटलं, "उद्या दुरुस्त करून टाकू."

"नको, सर," मावशी किटली उचलत म्हणाल्या. "उलव्याच्या दोगी अजून यायच्या हायत."