कोलशेतचे मेंबर

कोलशेतचे धर्माशेट गोल्फची टोपी घालून हळदीला नाचतात. लग्न कुणाचंही असो. कुणी हसलंच तर, "आपुन मेंबर हाय," एवढाच खुलासा.

शेट ज्या गोल्फ क्लबचे मेंबर, त्याच्याच ऑफिसात मी नोकरीला आहे. आमच्या हिरवळीचा अर्धा भाग पूर्वी धर्माशेटची भातशेती. जमीन विकताना त्यांनी हट्टानं सभासदत्व मागून घेतलं. गोल्फ मात्र त्यांना अजून आलेला नाही. चेंडू हमखास झुडपात जातो आणि शेट ऐटीत म्हणतात, "माझ्याच शेतात गेला ना? जाऊ दे!"

आमच्याकडे बायकांना सभासदत्व नाही, आत प्रवेशही नाही. या नियमाचे सगळ्यांत कडवे राखणदार धर्माशेट. "बाया आल्या का बडबड चालू. हितं शांतता पायजे!" हे ते मोबाइलवर इतक्या मोठ्यानं सांगायचे, की पलीकडचा मेंबर फटका मारायचा थांबायचा.

यंदा नियम बदलायचा ठराव आला. विरोधकांनी शेटना कौतुकानं पहिल्या रांगेत बसवलं. शेट उठले, घसा खाकरला.

"आमची घरवाली हिराबाय परवा बोलली, एकदा आपली जागा दाखवा. घेऊन आलो. वॉचमन बोलला, शेट, तुम्ही जा, बाईंना नाय सोडता येणार." ते सभेकडे वळले. "या जमिनीत मी बांधावर उभा राहून नुसता ओरडायचो. चिखलात वाकून लावणी केली तिनं. आन मेंबर मी?"

"पण शेट, तुम्हीच तर नेहमी म्हणता..." सेक्रेटरी चाचरले.

"म्हनायचो. चुकलं."

त्यांनी हात वर केला. आणखी चार-पाच हात कसेबसे वर झाले. ठराव पडला.

त्यानंतर शेट आलेच नाहीत. मी फोन केला, तर म्हणाले, "गुडघा दुखतो रे."

गेल्या आठवड्यात ऑफिस सुटल्यावर मी बाहेर पडलो, तर कुंपणापाशी दोघं उभी. शेट जाळीतून बोट घालून दाखवत होते, "त्या झेंड्यापाशी आपलं मोठं खाचर व्हतं, बग."

"तिकडं नाय वो, अलीकडं," हिराबाय म्हणाली. "तुम्हाला कवा ठाव व्हतं?"

शेटनी मुकाट्यानं बोट अलीकडं सरकवलं.