थोरल्या पातीचं पाणी

खंडेराव मिस्त्री मोटारीच्या रेडिएटरमधलं पाणी चाखून बघत. दोन बोटं बुडवून जिभेवर ठेवायची, डोळे मिटायचे आणि विचारायचं, "कोणत्या विहिरीचं?" पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डॉक्टर म्हणून मी त्यांना चूळ भरायला लावली.

देवासात संस्थानी राज्य नुकतंच संपलं होतं. एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. मधे काय तो एक रस्ता. थोरल्या पातीचा मोटारखाना मोडला तेव्हा खेड्यांतले रोगी बघायला मी तिथली एक जुनी मोटार घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मोटारखान्याचे मिस्त्री खंडेराव पान्यांची पिशवी घेऊन दारात हजर. मी काही त्यांना बोलावलं नव्हतं. "बाईसाहेबांना माझ्याशिवाय चालत नाही," म्हणाले. बाईसाहेब म्हणजे मोटार.

पुढच्याच महिन्यात बाईसाहेब तापायला लागल्या. सात-आठ मैल गेलं की टोपणातून वाफ! पण खंडेराव आधी बॉनेट उघडतील तर शपथ. "पहिले हकीकत सांगा. चढावर तापली की उतारावर? मागे कोण बसलं होतं?" यात अर्धा तास. मग लाकडी दांड्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं आपल्या कानाला. पट्टा ठीक, पंप ठीक, नळ्या ठीक. शेवटी त्यांनी पाणी चाखलं आणि चेहरा गंभीर केला.

"डॉक्टरसाब, आपलं घर धाकट्या पातीत. थोरल्या पातीच्या गाडीला इकडचं पाणी कसं मानवेल?"

"अहो, आता दोन्ही पात्या गेल्या!"

"कागज पे गई, भिया. गाडीला कोण सांगणार?"

आणि मी, चांगला शिकलासवरलेला माणूस, दोन महिने रस्त्यापलीकडच्या विहिरीवरून घागरी वाहत होतो! "मी बादलीभर मागितलं की तुमची पाठ दुखते," असं घरातून ऐकावं लागलं ते वेगळंच. मोटार तापायची ती तापतच राहिली.

मग वैशाखात एका खेड्यातून अडलेल्या बाळंतिणीचं बोलावणं आलं. गाव मैलभर राहिलं आणि मोटार उकळून थांबली. मी बॅग घेऊन उन्हातून धावत गेलो. बाई कशीबशी वाचली. मूल बराच वेळ रडेना. रडलं तेव्हा कुठे मी बॅग आवरली.

परत येताच मी खंडेरावांवर कडाडलो. "उद्या ही गाडी भंगारात! आणखी पाव तास उशीर झाला असता तर दोन जीव गेले असते!"

या वेळी त्यांनी हकीकत विचारली नाही. मोटारीपुढे उकिडवे बसले, पुढची जाळी सोडवली आणि आतून रेडिएटरला तारेने बांधलेली हातभर लांबीची लाल पाटी ओढून काढली. संस्थानच्या मोटारींना असायची ती. मी गाडी घेतल्यावर महिन्याभराने नवे नंबर आले, तेव्हा जुन्या पाट्या मोडीत घालायचा हुकूम निघाला होता. आत येणारा वारा अडत होता तो या पाटीनेच.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं." त्यांनी बाहीने पाटीवरची धूळ पुसली. "बावीस वर्षं रोज पुसली, साहेब. मोडीत घालवेना. वाटलं, थोडी तापेल, पाणी बदलत राहू. कुणाच्या जिवावर येईल असं मनातही आलं नाही."

"मग घरी न्यायची होती!"

"घरी कोण आहे बघायला?"

माझा सगळा राग तिथेच गळून पडला. पाटी मी दवाखान्यातल्या बाकाच्या वर, भिंतीवर ठोकून घेतली.

मोटार पुन्हा कधी तापली नाही. त्यामुळे खंडेरावांना येण्याचं कारणच उरलं नाही. आठवडाभर फिरकले नाहीत, मला फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. आणि एका संध्याकाळी रोग्यांच्या रांगेत शेवटी येऊन बसले. "छातीत काहीतरी होतंय." छाती ठणठणीत होती. तरी मी नळी लावून, पुढून, मागून, अगदी सावकाश तपासलं.

"काही गंभीर आहे का?" त्यांनी विचारलं.

"तसं नाही," मी म्हणालो, "पण रोज दाखवून जात जा."