उंबऱ्यापर्यंत येणारी लाट

आमच्या शेजारच्या चौगुलेसरांच्या ताटात तांबडा रस्सा कधीही वाढू नये. सर भाताचा ढीग करतात, चमच्यानं त्याला एका बाजूनं बेताचा उतार देतात आणि ताट उचलून हलवायला लागतात. रस्सा लाट होऊन भातावर चढतो. "बघा पावणं, कुठवर गेला!" सर ओरडतात. पावण्यांचं लक्ष स्वतःच्या पांढऱ्या शर्टाकडं असतं.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात. उरलेला वेळ, म्हणजे शिकवण्याचे तास धरून सगळाच वेळ, एकाच गोष्टीमागं असतात: लाट फुटल्यावर पाणी किनाऱ्याच्या उतारावर कुठवर चढतं. हे ते संगणकावर काढतात. कोल्हापुरात बसून! इथं पंचगंगेचा पूर आवरता आवरत नाही आणि हा माणूस घरात समुद्र मागवतो.

मी एकदा चुकून विचारलं, "म्हणजे करता काय नेमकं?"

"सोपं हाय की. किनाऱ्याचे बारके चौकोन पाडायचे. प्रत्येक चौकोनानं शेजाऱ्याकडं बघायचं, तुझ्याकडं पाणी किती, निघालंय कुठं. आपल्या गल्लीगत."

"मग अडतं कुठं?"

"कडंला! पाणी चढलं की कोरडा चौकोन ओला, उतरलं की ओला कोरडा. त्या मशीनला कळंना झालंय, ओलं कुठलं आन् कोरडं कुठलं."

जोतिबाला नेलं, तर दर्शनाआधी डोंगराकडं बघून हळहळले, "उतार झकास हाय. खाली समुद्र पायजे व्हता." अशा माणसाचं लग्न कसं जमणार? जमलं नाही.

सख्खं माणूस एकच. थोरली बहीण, अक्का. लग्न होऊन कोकणात गेली आणि नवरा वारल्यावरही समुद्राकाठच्या घरात एकटीच राहिली.

मध्यंतरी वादळाची बातमी आली. सर दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून माझ्या दारात.

"गाडी काढा. लाट अक्काच्या उंबऱ्यापतुर येतीया."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हंजे? मी!"

गगनबावड्याचा घाट उतरून पोचलो, तर अक्का अंगणात नारळ गोळा करत होती.

"बाळू, पाणी त्या माडांच्या अलीकडं कधी आलं न्हाय."

"अक्का, माझं गणित सांगतंय..."

"गणितात तू नापास झालतास."

"सहामाहीला! एकदाच!"

अर्धा तास भांडण झालं. शेवटी सरांनी अंगणात बसकण मारली. "मग मी बी हितंच बसतो. लाट आली की दोघं मिळून जाऊ." वारा वाढला, झावळ्या पडायला लागल्या, तरी हलेनात. अक्कानं मला विचारलं, "ह्यो असाच हाय का अजून?" मी मान डोलावली. तिनं दाराला कुलूप घातलं आणि कोल्हापूरला यायला गाडीत बसली.

वादळ भलतीकडंच वळलं. अक्काच्या शेजाऱ्यांनी फोन करून सांगितलं, पाणी माडांपर्यंतसुद्धा आलं नाही. मी आनंदानं सरांकडं गेलो. मनात म्हटलं, आता वर्षभर पुरेल एवढी थट्टा करता येईल.

अक्काची पिशवी भरलेली होती. सर लॅपटॉपवर वाकलेले.

"आज न्हाय जायचं. मोठी भरती हाय," ते मान वर न करता म्हणाले.

"कुठली भरती? पोरं वाळूत क्रिकेट खेळाय लागलीत म्हणं."

"अजून एक लाट यायची हाय."

"बाळू, लाट हाय का?"

सरांनी लॅपटॉप मिटला. तोंड माझ्याकडं नव्हतं, ते बरं झालं.

"न्हाय," ते म्हणाले. "वादळ वळलेलं मला कालच दिसलंतं. तुला सांगितलं न्हाय. तू आल्यापासनं घरात कुणीतरी बोलतंय गं."

मी थट्टेसाठी उघडलेलं तोंड बंद केलं. अक्कानं पिशवीचे बंद सोडले. मग तिनं लुगडी एकेक करून बाहेर काढली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली.

"तुला गणित येतच न्हाय," ती म्हणाली. "भरती दिवाळीपतुर हाय."