भेट दिलेली हाक

नगर वाचनालयात पुस्तकांप्रमाणेच वारलेल्या माणसांच्या हाकाही सात दिवसांसाठी घरी मिळत.

हाका मागच्या खोलीत, पत्र्याच्या डब्यांत, आडनावांप्रमाणे लावून ठेवलेल्या होत्या. डबा घरी न्यायचा, दिवेलागणीला उंबऱ्यावर ठेवायचा आणि झाकण उघडायचं. हाक रोज एकदाच येई. मग झाकण लावून टाकायचं. नियम दोनच होते. डबा भिजू द्यायचा नाही, आणि हाकेला ओ द्यायची नाही. ओ मिळाली की हाक संपते, हे गावात शाळेत जाणाऱ्या कुठल्याही पोराला ठाऊक होतं.

शलाका भारंबेची आई माघात गेली. घरातलं माणूस गेलं की त्याच्या स्मरणार्थ वाचनालयाला काहीतरी भेट द्यायची, अशी गावाची रीत. कुणी कपाट देई, कुणी पंखा. शलाकेच्या वडिलांनी, वसंतरावांनी, तेरावं झाल्यावर बायकोची हाकच भेट दिली. भिंतीवरच्या पाटीवर ‘कै. सुलोचना वसंत भारंबे यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवून आलं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि समाधानानं घरी आले. घरच्यांना हाक हवी तेव्हा मिळेल, असं ते धरून चालले होते. फॉर्मवर तसं कुठंही लिहिलेलं नव्हतं.

शलाका नववीत होती. बालविभागाच्या कार्डावर तिनं ती हाक चार वेळा आणली.

“बाळा, ये रे आता, ताट वाढलंय.”

आई मुलीलाही ‘ये रे’च म्हणायची. शलाका स्वयंपाकघराच्या दारात ओठ दाबून उभी राही. वसंतराव नेमके त्या वेळी दूध आणायला जात. दूध सकाळीच आलेलं असे.

पाचव्या वेळी ग्रंथपाल खरेबाईंनी डबा स्वतःकडेच ठेवून घेतला.

“अगं, ही आता मिळायची नाही. नंबर लागलेत.”

“किती?”

“एकेचाळीस.”

“पण ती माझी आई आहे.”

“ते नोंदलेलं आहे,” खरेबाई म्हणाल्या. “पण हिच्यात नाव नाही ना कुणाचं. ही शेजारची बघ, ‘प्रभाकर, ऊठ, गाडी चुकेल.’ प्रभाकर सोडून कोण नेणार ती? तुझ्या आईची कुणालाही चालते. पहिला नंबर तलाठीआबांचा. वय चौऱ्याहत्तर.”

शलाकेनं बेचाळिसावा नंबर लावला.

दुसऱ्या दिवशी वसंतराव स्वतः गेले.

“माझ्या बायकोची हाक आहे ती, बाई.”

“होती, भाऊ. तुम्ही भेट दिलीत. भेट परत घेता येते, तसा ठराव आहे. मात्र पाटीवरचं नाव पुसावं लागेल.”

वसंतराव बराच वेळ पाटीकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, “पाटी राहू द्या.”

दुसऱ्याच्या ओसरीवर उभं राहून ऐकायला मनाई नव्हती. म्हणून त्या संध्याकाळी शलाका तलाठीआबांकडे गेली. आबा एकटेच राहत. त्यांनी पाट मांडून ताट वाढून ठेवलं होतं.

“कोण गं तू?”

“भारंब्यांची.”

“म्हणजे घरचीच की! ये, ये. ताट बघून हसू नकोस. ताट वाढलंय म्हणते ती. तिला खोटं पाडायचं का?”

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि डब्याचं झाकण उघडलं. हाक आली. शलाकेचं तोंड उघडलं. आबांनी मान न वळवताच हात वर केला.

“माझ्यामागं चाळीस जण आहेत, पोरी.”

शलाकेनं तोंड मिटलं. आबांनी झाकण लावलं आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

“बस. शेवेची भाजी आहे, तिखट झालीय जरा. माझी आई मुकी होती. दारात येऊन टाळी वाजवायची. सगळी पोरं मला हसायची.” पाण्याचा तांब्या पुढे करत ते म्हणाले, “टाळी काही वाचनालयात घेत नाहीत.”

शलाका जेवली.

पुढच्या आठवड्यात डबा शिंप्याकडे गेला, मग कंडक्टर तायड्यांकडे, मग एका डॉक्टरांकडे. शलाका मागोमाग जात राहिली. सगळीकडे ताट वाढलेलं असे. डॉक्टर तर हात धुऊन, कोरा सदरा घालून बसत. हाक मात्र वापरानं झिजत होती. श्रावणात ‘ताट वाढलंय’ ऐकू येईनासं झालं. दिवाळीच्या सुमारास ‘ये रे आता’ गेलं. लोकांनी तक्रार केली नाही.

एकेचाळिसावा नंबर कोल्ह्यांच्या सुनेचा होता. तिला माहेर उरलं नव्हतं. तिनं डबा उंबऱ्यावर ठेवला तेव्हा तिची अकरा महिन्यांची मुक्ता तिथंच रांगत होती.

“बाळा,” हाक आली.

मुक्तानं डब्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “ओ.”

सुनेनं डबा उचलून कानाशी हलवला. मग मुक्ताला उचललं आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. “तिला काय कळतंय,” ती शलाकेला म्हणाली. “तू रागावली नाहीस ना?”

शलाकेनं मान हलवली. रागवण्यासारखं तिथं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून डबा परत करायला गेल्या. खरेबाईंनी वही उघडली.

“ओ कुणी दिली?”

“मुक्ता कोल्हे,” शलाका म्हणाली. “वय अकरा महिने.”

“सभासद?”

“नाही.”

खरेबाईंनी लिहिलं. हाक – संपली. डबा – सुस्थितीत. मग त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“पुढचा नंबर तुझा. नेणार?”

“नेते.”

शलाकेनं सही केली. दिवेलागणीला तिनं डबा उंबऱ्यावर ठेवून झाकण उघडलं. हाक यायला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळ ती थांबली.

“आले गं आई,” ती म्हणाली. आता मनाई नव्हती.

आत वसंतराव पाट मांडत होते. असं सहा दिवस झालं. सातव्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं डबा परत करून टाकला.