तांबडीची नऊ अंडी

"फकस्त बघायचं. करायचं काय बी न्हाई," साळुबाईंनी पायात चपला सरकवता सरकवता चौथ्यांदा बजावलं.

"अगं, मी काय कुक्कुलं बाळ हाय का?" भगवंतराव म्हणाले.

"बाळ असता तर घोर नव्हता. बाळ जागचं उठत न्हाई."

एवढं बोलून साळुबाई कळंबच्या बहिणीकडे, धोंडाबाईकडे, दोन दिवसांसाठी निघून गेल्या. मागे राहिले भगवंतराव, खुडूक बसलेली पांढरी कोंबडी आणि तिच्याखाली भुशाच्या पाटीत नऊ अंडी.

अंडी साधी नव्हती, तांबडीची होती. आहुप्याच्या वाटेवरच्या या गावात पौष लागला की गवतावरचं दव मिठासारखं पांढरं पडतं आणि गावातल्या यच्चयावत कोंबड्या अंड्यांचा संप पुकारतात. एकटी तांबडी अशा कडाक्यातही दिवसाआड अंडं द्यायची. तीन आठवड्यांपूर्वी बिबट्यानं नेमकी तिलाच उचलली. नेली तीही दुपारी चार वाजता, भगवंतराव ओट्यावर बसून 'फकस्त बघत' असताना. साळुबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, आणि हेच भगवंतरावांना फार लागलं होतं. आता परवा ही नऊ अंडी फुटायची होती. ती फुटली तर तांबडीचा वंश राहणार होता, आणि भगवंतरावांची घरातली थोडीफार पतही.

ती पत आधीच बेताची. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केलेल्या या माणसाला निवृत्तीनंतर हात स्वस्थ ठेवणं काही जमत नव्हतं. उबवायला काढून ठेवलेली अंडी टिकावीत म्हणून त्यांनी ती एकदा फ्रिजमध्ये ठेवली होती. गेल्या थंडीत कोंबड्या गारठू नयेत म्हणून खुराड्यात शेगडी ठेवली होती. कोंबड्या वाचल्या, खुराडं गेलं.

तासाभरानं त्यांनी पांढरीला पाहिलं. ती पिसं फुलवून बसली होती. त्यांना वाटलं, बिचारी कुडकुडतीय. मग त्यांनी माळ्यावरून दोनशेचा बल्ब काढला, पाटीवर डालगं पालथं घातलं, बल्ब त्यातून आत सोडला आणि बटण दाबलं.

पौषातल्या सकाळी डोक्यावर एकदम वैशाख उगवल्यावर कुठली कोंबडी बसून राहील? पांढरीनं डालगं उधळलं, भगवंतरावांच्या टोपीवर पाय दिला आणि ती जी फणसावर गेली ती गेलीच. त्यांनी दाणे दाखवले, लाडीगोडी लावली, शेवटी "चला, खाली उतरा, मागची गाडी रिकामी हाय" असंही सवयीनं म्हणून पाहिलं. पांढरी ढिम्म. म्हटलं, बल्ब तर बल्ब. तेवढ्यात लाइट गेली.

त्यांनी पाटीत हात घातला. अंडी निवायला लागली होती. पुढं मागं न पाहता त्यांनी खाकी स्वेटर वर केला, नऊही अंडी एकेक करून बंडीच्या आत सोडली, खालून मफलरनं करकचून बांधलं, वरून साळुबाईंची शाल पांघरली आणि चुलीजवळच्या खुर्चीत ते हळूच टेकले. एकतीस वर्षं उभ्यानं काढलेल्या माणसाला दैवानं शेवटी सीट दिली ती अशी.

दहाच्या सुमाराला शेजारचे गेणभाऊ खोरं मागायला आले.

"परसात हाय. घ्या तुमचं तुमी," भगवंतराव न हलता म्हणाले.

"का वं, उठवत न्हाई का काय?"

खरं सांगावं की नाही? सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत पारावर त्यांचं नाव 'खुडूक भगवंत' पडलं असतं आणि ते मेल्यावरही गेलं नसतं. भगवंतरावांनी शाल छातीशी धरली. "जरा उसण भरलीय."

"छातीत?"

"छातीतच म्हना."

गेणभाऊ खोरं न घेताच गेले. गावात छातीची उसण वाऱ्यासारखी पसरते. दुपारपर्यंत ओसरीवर सात-आठ जण जमले. कुणी ओव्याचा शेक आणला, कुणी तिळाचं तेल तापवून आणलं.

"पालथं पडा. दोन मिंटांत मोकळं करतो," गेणभाऊ बाह्या सरसावत म्हणाले.

"पालथं?" भगवंतराव ओरडले. "मी पालथा पडलो तर नऊ जीव जातील!"

लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. ताप डोक्यात गेलाय, असं ठरलं.

ती रात्र भगवंतरावांनी खुर्चीतच काढली. कूस बदलता येत नव्हती. शिंक आली तरी ती नाकातच जिरवावी लागत होती. सकाळी पाठीचा दगड झाला होता आणि पांढरी फणसावरून त्यांच्याकडं बघत होती. आयुष्यात इतकं एकटं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांना रडूच आलं. पण रडताना पोट हलतं, म्हणून तेही त्यांनी आवरलं.

आणि नऊच्या सुमाराला, ओसरी पुन्हा भरलेली असताना, स्वेटरच्या आत 'फट्' असा आवाज झाला.

वास असा सुटला की पुढचे चौघं अंगणात गेले. गेणभाऊंनी नाकाला उपरणं लावलं आणि कळंबला फोन लावला. "वैनी, निघून या. छातीला हात लावू देत न्हाई, रातभर बडबड चाललीय, अन् आता तर आतून... आतून वास यायला लागलाय!"

पुढचं फार भराभर झालं. गावातल्या परवेजची जीप दारात आली. चौघांनी भगवंतरावांना खुर्चीसकट उचललं.

"खाली ठेवा! अंडी हैत! माझ्याकडं अंडी हैत!"

"व्हय व्हय, हैत," परवेज समजुतीनं म्हणाला. "मंचरला गेलो की डॉक्टर बघतील हां, काका."

जीपचा खड्डेमय रस्ता डोळ्यांसमोर आला आणि भगवंतरावांचा धीर सुटला. त्यांनी शाल फेकली, स्वेटर वर केला. बंडीत आठ अंडी आणि एकाचा हिरवा चिखल होता. कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. पण गेणभाऊंनी खुर्ची अलगद पुन्हा चुलीपाशी नेली, ओलं फडकं दिलं आणि विचारलं, "किती दिस राह्यल्यात?"

"उद्या," भगवंतराव म्हणाले. "एक गेलं. तिला काय सांगू, गेणभाऊ?"

गेणभाऊंनी बाहेर जाऊन कळंबला पुन्हा फोन लावला आणि सगळं सांगितलं. "उद्या पयल्या गाडीनं येते," साळुबाई पलीकडून म्हणाल्या.

खरी गोष्ट आता सांगायला हरकत नाही. तांबडीची अंडी त्या पाटीत कधी नव्हतीच. तांबडी गेली त्याच दिवशी साळुबाईंनी तिची दहा-बारा अंडी गुपचूप धोंडाबाईच्या कोंबडीखाली पोचवली होती. नवऱ्याचे हात कुठंतरी गुंतलेले असावेत म्हणून पांढरीखाली मंचरच्या दुकानातली पोल्ट्रीची तपकिरी अंडी ठेवली होती. त्यांना वर्षभर उबवलं तरी आतून नुसता वासच निघणार. साळुबाई कळंबला गेल्या होत्या त्या पिल्लं निघताना हजर राहायला.

तिसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्या परतल्या तेव्हा ओसरीवर दव साचलं होतं. चूल विझत आली होती. खुर्चीत भगवंतराव मान टाकून झोपले होते, दोन्ही हात स्वेटरवर, गर्भार बाई झोपते तसे. साळुबाई दारातच थांबल्या. तोंडाशी आणलेले दोन-चार तयार शब्द त्यांनी गिळले. मग मफलरची गाठ सोडली.

चिवचिवाटानं भगवंतराव जागे झाले. मांडीवरच्या शालीत पिल्लांची नुसती वळवळ होती. तांबूस, ओलसर डोळ्यांची, थेट तांबडीच्या वळणाची.

"साळू! अगं, निघाली! निघाली गं!"

"तर! ऊब कुनाची व्हती?" साळुबाई चुलीत फुंकर घालत म्हणाल्या. धुरामुळं त्यांचे डोळे भरून आले असावेत.

"टरफलं कुठं गेली?"

"मी उचलली. घान झाली व्हती."

भगवंतराव पिल्लं मोजायला लागले. एकतीस वर्षांची सवय होती, बोट आपोआप पुढं सरकत होतं. मोजून झाली. त्यांनी पुन्हा मोजली. दहा. काल संध्याकाळी बंडीत अंडी होती आठ.

त्यांची नजर कोपऱ्यातल्या टोपलीवर गेली. तिच्यावर धोंडाबाईचं हिरवं फडकं होतं आणि फडक्यावर तांबूस लव. मग त्यांनी साळुबाईंच्या पाठीकडं पाहिलं. ती पाठ जरा जास्तच वेळ चुलीकडं वळलेली होती.

अख्ख्या मंचर डेपोत भगवंतरावांच्या गाडीतून कधी कुणी विनातिकीट उतरलं नव्हतं. ही त्यांची ख्याती होती.

"किती भरली वं?" मागं न बघता साळुबाईंनी विचारलं.

"आठ," भगवंतराव म्हणाले आणि दोन पिल्लं शालीच्या घडीत आणखी आत सरकवली.